मिर

विहीणबाई व्हिडिओ कॉलवर भरभरून बोलायच्या. हात हलवून, डोळे मोठे करून, मध्येच हसून. मीही हसायची, मान डोलवायची. मग त्यांच्या शेजारी बसलेली लेक सांगायची, "आई, त्या म्हणताहेत, काल बाळ बागेत पहिल्यांदा अनवाणी चालला आणि गवत टोचलं म्हणून त्यांच्याकडे बघून रडला." तोवर विहीणबाईंचं हसणं ओसरलेलं असायचं. त्यांचा आनंद माझ्यापर्यंत निरोपासारखा पोचायचा, उशिरा आणि दुसऱ्याच्या तोंडून.

त्यांना इंग्रजी येत नाही, मला जर्मन येत नव्हतं. नातू मात्र दोघींचा एकच. तो तिकडे त्यांना ओमा म्हणायला लागला, फोनवर मला आजी. आणखी दोन वर्षांनी हा पोरगा दोन्हीकडे घडाघडा बोलेल आणि आम्ही दोघी आज्या एका खोलीत बसून त्याला अर्थ विचारत राहू, हे चित्र मला सहन होईना. जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, मी मोबाइलवर भाषा शिकायचं ॲप घेतलं.

वर्ग का लावला नाही, असं पुष्कळांनी विचारलं. मी सांगलीत राहते. ऑनलाइन वर्गाला पंधरा दिवस बसून पाहिलं. तिथे सगळी विशी-पंचविशीची मुलं. कुणाला व्हिसासाठी ए-वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीची, परीक्षा द्यायची, कुणाला नर्सिंगच्या नोकरीसाठी बी-टूपर्यंत जायचं. त्यांची घाई खरी होती, पण तिच्याशी माझा मेळ बसेना. ॲप माझ्या वेळेनं चालायचं. पहाटे साडेपाचला चहाचं आधण ठेवलं की फोन ओट्यावर भिंतीला टेकवून उभा करायचा, आणि वीस मिनिटं माझी.

पहिल्याच पडद्यावर त्यानं विचारलं, तुमची भाषा कोणती? यादीत मराठी नव्हती. हिंदी होती, पण हिंदीतून फक्त इंग्रजी शिकता येत होतं. म्हणजे जर्मनच्या घरात शिरायचं तर इंग्रजीच्या दारातून. मला इंग्रजी कामापुरतं येतं. ३२ वर्षं मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. त्या दिवशी ही गोष्ट फारशी बोचली नाही.

सुरुवातीचे महिने सुखाचे गेले. ब्रोट, वासर, किंट, हाउस. भाकरी म्हणा वा पाव, पाणी, मूल, घर. चित्र दिसायचं, आवाज यायचा, खाली विखुरलेले शब्द बोटानं उचलून ओळीत लावायचे, जमलं की गोड घंटी. सलग किती दिवस अभ्यास केला त्याचा आकडा वाढत जायचा आणि तो तुटू नये अशी ओढ लागायची. भाचीच्या लग्नात रात्री पावणेबाराला, सामानाच्या खोलीत, करवल्यांच्या पिशव्यांमध्ये बसून मी धडा पुरा केलाय. सवय लावायचं काम ॲपनं चोख केलं, ते त्याचं श्रेय आहे.

पण दर आठवड्याला गुणांची एक यादी लागायची, जगभरच्या अनोळखी लोकांची. खाली घसरायचं नाही म्हणून मी जुने, सोपे धडे पुन्हा पुन्हा करायला लागले, कारण त्यांचे गुण पटकन मिळायचे. शाळेत ज्या मुलांना मी "मार्कांसाठी वाचू नका रे" म्हणून सांगत आले, तेच मी करत होते आणि दोन महिने माझ्या लक्षातही आलं नाही.

२१२ व्या दिवशी लक्षात आलं. ऑगस्ट महिना होता. कॉल चालू असताना लेक बाळाला अंघोळ घालायला उठली आणि फोन विहीणबाईंच्या हाती आला. त्यांनी अगदी सावकाश विचारलं, "वास कोखन झी हॉयटे?" आज काय करताय जेवायला? जगातल्या कुठल्याही विहिणीनं विचारावा असा प्रश्न. चारही शब्द मला येत होते. उत्तर म्हणजे भात आणि आमटी. पण माझी जीभ उचलेना. समोर निवडायला शब्दांच्या चकत्या नव्हत्या. मी "गुट, गुट" म्हणाले, म्हणजे "छान, छान", आणि त्या थोडा वेळ थांबून हसल्या. त्यांच्या त्या थांबण्यानं मला फार वाईट वाटलं.

त्या रात्री झोप आली नाही. हे दुखणं मला वर्गातून ओळखीचं होतं. गाळलेल्या जागा भरा म्हटलं की पैकीच्या पैकी मिळवणारं पोर, 'माझी आजी' या विषयावर आठ ओळी लिहायला सांगितल्या की पेन चघळत बसतं. शब्द समोर दिसल्यावर ओळखणं वेगळं, आतून काढणं वेगळं. मला २१२ दिवस गाळलेल्या जागा भरायला दिल्या होत्या आणि मी त्या आनंदानं भरत होते.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. ठरवलं की ॲप पंधरा मिनिटं, मग फोन पालथा, आणि आत्ता काय शिकले ते न बघता वहीत. आधी तोंडानं म्हणायचं, मग लिहायचं. आणि वहीत इंग्रजीचा एक शब्द येऊ द्यायचा नाही. डावीकडे जर्मन देवनागरीत, उजवीकडे मराठी.

यानंतरच्या आठवड्यात जे घडलं, ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले.

'एस गफेल्ट मिर' या वाक्याशी मी महिनाभर झुंजत होते. ॲप म्हणायचं, याचा अर्थ 'आय लाइक इट'. 'मी' म्हणजे जर्मनमध्ये 'इश', हे पहिल्या धड्यात शिकलेलं. म्हणून मी दरवेळी 'इश'नं सुरुवात करायची आणि दरवेळी लाल पट्टी यायची. हे 'मिर' कुठून उपटलं ते कळेना. आता वहीत उजवीकडे मराठी लिहायचं म्हणून मी लिहिलं, "मला ते आवडतं." आणि पेन तसंच थांबलं. मराठीत तरी 'मी' कुठे आहे? मी आवडत नाही. मला आवडतं. मिर म्हणजे मला!

उठून मोठ्यानं म्हटलं. मग आठवतील तेवढी वाक्यं काढली. मिर इस्ट काल्ट, मला थंडी वाजतेय. एस श्मेक्ट मिर, मला हे रुचलं. मिर इस्ट लांगवाइलिश, मला कंटाळा आलाय. एस टूट मिर लाइट, मला वाईट वाटतं. मराठीत ज्या गोष्टी माणूस करत नाही, त्याला होतात, वाजतात, येतात, त्यातल्या कितीतरी जर्मनमध्येही माणसाला होतातच. इंग्रजी मधे उभं राहून ते सगळं 'आय'मध्ये बदलून देत होतं, आणि मी ते पुन्हा उलटं फिरवत बसले होते. दोन घरांना सामाईक भिंत असताना रस्त्यावरून वळसा घालून शेजारी जावं, तसं.

सगळंच जुळतं असं नाही. भूक लागली की ते 'इश हाबे हुंगर' म्हणतात, म्हणजे भूक त्यांच्यापाशी असते, आपल्याला लागते. पण एकदा सामाईक भिंत दिसल्यावर मी दारं शोधत सुटले, आणि दारं बरीच निघाली.

आकडे बघा. पंचवीस म्हणजे पाच आणि वीस, आधी एकक मग दशक. जर्मन 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश' अगदी तसाच, पाच-आणि-वीस. इंग्रजीतून येणाऱ्यांना हे उलटं वाटतं म्हणून ॲप तिथे वेगळा सराव देतं. मला त्याची गरजच नव्हती. दीडाला त्यांचा एक शब्द आहे, 'आंडरटहाल्प'. फोड केली तर 'दुसरा अर्धा'. आपला दीडसुद्धा संस्कृतातल्या 'द्व्यर्ध'वरून आलेला, दुसरा अर्धा. हे कळलं त्या दिवशी मी लेकीला अवेळी फोन करून उठवलं.

वाक्यरचनेत क्रियापद दुसऱ्या जागी आणण्याचा त्यांचा नियम मला जड गेला, अजून चुकतो. पण 'की', 'कारण' आलं की क्रियापद शेवटी जातं. 'दास एर मॉर्गन कोम्ट'. की तो उद्या येतो. चार शब्द, एकाखाली एक, जागा न हलवता.

उच्चारांचंही तसंच. जर्मन झेड म्हणजे 'चमचा'तला च. 'चहा'तला नव्हे, 'चमचा'तला, दाताला जीभ लागते तो. साखरेला ते म्हणतात 'त्सुकर', आणि 'चूक' म्हणता आलं की तो आलाच. 'इश'मध्ये मी देवनागरीत श लिहितेय खरा, पण तो श नाही. 'ह्या'तला ह्य नुसत्या श्वासावर सोडला की बराच जवळ जातो. दोन टिंबांचा यू मात्र आपल्याकडे नाही. त्यासाठी तोंडात 'ई' ठेवायची आणि ओठ 'ऊ'चे करायचे. आरशासमोर आठवडाभर करावं लागतं.

आणि लिंग. जर्मन म्हटलं की सगळे डेर, डी, दास या तिघांनी घाबरवतात. मराठी माणसानं का घाबरावं? तो, ती, ते आपण आईच्या मांडीवर शिकलोय. हिंदीवाल्याला नपुंसकलिंग नाही, आपल्याला आहे. अर्थात कुठल्या शब्दाला कोणतं, ते जुळेलच असं नाही. चंद्र दोन्हीकडे तो, पण सूर्य तिकडे ती. चमचा तो, काटा मात्र तिकडे ती आणि सुरी ते. म्हणून मी वहीत तीन रंग केले. जुळणारे शब्द हिरव्या शाईनं, आणि न जुळणाऱ्यांपुढे लाल फुली. हिरवी यादी अपेक्षेपेक्षा लांब झाली: घर, पाणी, पुस्तक, मीठ, तेल, अंडं, सोनं, रक्त, हृदय, मूल, पान. सगळी दोन्हीकडे 'ते'.

'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि ती 'दास'. मुलगी 'ते' कशी, असं ॲपच्या धड्याखाली एकानं रागानं विचारलं होतं. कारण शेवटचा 'शेन' हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे. तो लागला की शब्द 'दास' होतो, मग तो मुळात कुणीही असो. हे वाचलं आणि मला आमचा गोठा आठवला. गाय ती, बैल तो, पण वासरू ते. मेंढी ती, कोकरू ते. शेळी ती, करडू ते. घोडी ती, शिंगरू ते. पाखरू ते, पिलू ते, आणि माणसाचं लेकरू तेही ते. लहानग्या जिवाला आपणही 'ते'च म्हणतो. मी इतकी वर्षं लिंगविचार शिकवला, पण या 'रू'कडे असं कधी पाहिलं नव्हतं. जर्मननं मला माझी भाषा दाखवली.

विभक्तीत मात्र मराठीनं हात सोडला. आपला 'ला' दोन कामं करतो: "मुलाला बोलाव" आणि "मुलाला लाडू दे", दोन्हीकडे 'ला'च. जर्मनमध्ये ही दोन वेगळी रूपं. शेवटी मी स्वतःशी एक खूण ठरवली: देणं, सांगणं, दाखवणं असेल तर चतुर्थी, म्हणजे डाटिव्ह, बाकी 'ला'ला द्वितीया, म्हणजे आकुझाटिव्ह. नेहमी नाही, पण बहुतेकदा निभावतं.

पाठांतरासाठी जावयानं एक युक्ती सांगितली. ॲप चुकलेले शब्द ठरावीक दिवसांनी परत आणतं. तेच हातानं करायचं. पेढ्यांच्या मोठ्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. चिठ्ठीवर एका बाजूला मराठी, मागे जर्मन. आला तर पुढच्या कप्प्यात, चुकला तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, शेवटचा महिन्यानं. ही पद्धत त्यांच्याकडे सेबास्टियान लाइट्नर यांच्या नावानं ओळखली जाते. आणि त्याही आधी, १८८५ मध्ये, हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून माणूस किती वेगानं विसरतो ते मोजलं होतं. चिठ्ठीवर शब्द हातानं लिहिला की तो निम्मा लक्षात राहतो, हा मात्र माझा अनुभव.

ॲपच्या मायक्रोफोनवर माझा विश्वास राहिला नव्हता. मिक्सर चालू असतानाही तो "शाब्बास" म्हणायचा. बोलायला माणूस हवं होतं. ऑक्टोबरात धीर करून मी विहीणबाईंना व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवला. अकरा सेकंदांचा. त्याच्यासाठी चाळीस मिनिटं तयारी केली होती: "आज मी भात आणि आमटी करते. मला आमटी आवडते." त्या ऑगस्टमधल्या प्रश्नाचं उत्तर, दोन महिन्यांनी.

त्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. मी ते चार वेळा ऐकलं. पहिलं वाक्य होतं, मला 'झी' म्हणू नका, 'दू' म्हणा. तिकडे अहो-जाहोवरून अगं-तुगंवर यायचं तर मोठ्या माणसानं तसं सांगावं लागतं. त्या माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या आहेत. मानानं दिलेली गोष्ट होती ती. पण विहिणीला 'तू' म्हणायचं? आमच्याकडे विहिणी आयुष्यभर एकमेकींना 'अहो' म्हणतात. पुढचे कितीतरी निरोप मी सर्वनामच येणार नाही अशी वाक्यं जुळवून पाठवले. मग एका रात्री जागं राहून एकदाचं म्हटलं: "वी गेट एस दिर?" तू कशी आहेस? शब्दाला शब्द लावला तर, तुला कसं चाललंय. दिर म्हणजे तुला. हे 'तुला' माझ्या तोंडून गेल्यावर आमच्यातलं काहीतरी मोकळं झालं. त्या हळू बोलायच्या, मी चुकले तर रागावायच्या नाहीत, फक्त माझंच वाक्य नीट करून पुन्हा म्हणायच्या. इतकं चांगलं शिकवणं मलाही कधी जमलं असेल का, असं वाटायचं.

जून २०२४ मध्ये मी नव्वद दिवसांसाठी गेले. त्यांचं गाव श्टुटगार्टच्या जवळ आहे. विमानतळावर विहीणबाईंनी मला मिठी मारली आणि जे बोलल्या त्यातलं मला काहीही कळलं नाही.

निरोपांमध्ये त्या माझ्यासाठी पुस्तकी जर्मन बोलत होत्या. घरची बोली श्वेबिश. 'इस्ट'चं 'इश', 'निश्त'चं 'नेट', 'मी' म्हणायच्या 'इश'चं नुसतं 'ई', आणि प्रत्येक गोष्टीला मागे 'ले'. पुण्याची पुस्तकी मराठी शिकून कुणी थेट मालवणात उतरावं, तसं माझं झालं. पहिले चार दिवस मी गप्पच होते. आमच्या राज्यानं २०२४ मध्ये याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केला आहे आणि आपली बरीच मुलं इकडे यायला जर्मन शिकताहेत. त्यांना माझं कळकळीनं सांगणं आहे की निघण्यापूर्वी थोडी श्वेबिश कानावर पडू द्या. रुग्णशय्येवरची म्हातारी माणसं पुस्तकी बोलत नाहीत.

पाचव्या दिवशी विहीणबाई व्याकरणावर आल्या. त्या शाळेत शिकल्या तसं सांगायला लागल्या: चौथी विभक्ती म्हणजे आकुझाटिव्ह. मी म्हटलं, चौथी म्हणजे डाटिव्ह. त्या म्हणाल्या, नाही, डाटिव्ह तिसरी. आम्ही दोघी आपापल्या जागी ठाम. कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या शाळेत विभक्ती प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया या क्रमानं मोजतात. पाऊण तास गेला, आणि कॉफी गार झाल्यावर मला जाणवलं की हा पाऊण तासाचा वाद मी जर्मनमध्ये घातला होता.

दुसऱ्या दिवशी लेक-जावई कामावर, बाळ पाळणाघरात. विहीणबाईंनी मैदा, अंडी, मीठ काढलं आणि म्हणाल्या, "मिर माखट हॉइट श्पेट्सले."

मिर मला ठाऊक होतं. मिर म्हणजे मला. 'मला करतात आज श्पेट्सले'? मी चक्रावून बघत राहिले. "मिर?" मी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग तोच हात माझ्या दंडावर. "दू उंट ई. मिर."

श्वेबिशमध्ये 'आम्ही' म्हणायला 'मिर'च म्हणतात.

मग त्यांनी पीठ भिजवलं. आपल्या भज्यांच्या पिठाहून घट्ट, चिवट, डावानं आपटत आपटत, बुडबुडे येईपर्यंत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लाकडी फळी धरून सुरीनं पिठाच्या बारीक पट्ट्या झरझर पाण्यात सोडायच्या. वर तरंगल्या की झाऱ्यानं काढायच्या. श्पाट्स म्हणजे चिमणी, हे चिमणुले, असं त्या म्हणाल्या. आणि मागे 'ले' लागला, म्हणून 'दास'. मी त्यांना वासरू, कोकरू, लेकरू सांगितलं. "लेकरू," त्या सुरी थांबवून म्हणाल्या, "दास लेकरू?" हो, म्हटलं, ते लेकरू. संध्याकाळी नातू आला तर त्याला उचलून त्यांनी तेच म्हटलं, ल थोडा जड, पण स्पष्ट.

निम्मं पीठ झाल्यावर फळी माझ्या हातात आली. माझ्या पट्ट्या जाड पडत होत्या. "नेट सो फील," इतकं नको, त्या म्हणाल्या, आणि माझ्या मनगटाखाली हात धरून सुरीचा कोन बदलला.

आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. ऐकणारा त्यात आहे की नाही ते पहिल्या शब्दाला कळतं. जर्मनमध्ये, पुस्तकी काय नि श्वेबिश काय, दोन्हीला एकच शब्द. ऐकणाऱ्यानं ओळखायचं.

रात्री वही काढली. 'मिर = मला' या ओळीखाली थोडी जागा उरली होती. तिथे हिरव्या शाईनं लिहिलं: मिर = आपण.